सरकारचं बटण

मोठे सर शर्टाचं वरचं बटण लावायचे तेव्हा ते सरकार असायचे, आणि काढायचे तेव्हा माणूस. हे मी अलंकारिक वगैरे बोलत नाही. ते स्वतःच तसं सांगायचे. सकाळी शाळेच्या गेटाशी मोपेड लावायची, हनुवटी वर करून गळ्याचं बटण अडकवायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. संध्याकाळी गेटाबाहेर आले की पहिलं काम बटण काढण्याचं. मग मान दोन्हीकडे फिरवून म्हणायचे, "सुटलो बाबा. आता मी माणूस हाय."

मी जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत रुजू व्हायला गेलो तो दिवस मला अजून आठवतो. माझी पहिलीच नेमणूक. परभणीहून एसटीनं ताडकळस, तिथून पुढं एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून गाव गाठलं. गेटाबाहेर एक पन्नाशी ओलांडलेला, काळासावळा, बाह्या दोनदा दुमडलेला माणूस उभा होता. मला बघून म्हणाला, "तूच का रे नवा? ये बाळा. लय धूळ खाल्लीस. चहा घेतलास का?" मी म्हणालो, नाही. "घेऊ की मग." एवढं बोलून त्यानं बटण लावलं, गेटाच्या आत गेला, वळला आणि माझ्याकडे जन्मात कधी न पाहिल्यासारखं बघत म्हणाला, "आपले आदेश दाखवा."

मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, माझ्यामागं आणखी कोणी येऊन उभं राहिलं की काय!

आत त्यांची भाषाही बदलायची. बाहेर 'हाय' आणि 'न्हाई', आत 'आहे' आणि 'नाही'. बाहेर मी 'बाळा', आत 'तुम्ही'. सुरुवातीला मला वाटलं, हा माणूस थोडा सरकलेला आहे. पुढच्या काही वर्षांत त्यांनी मला इतके धक्के दिले की ते सरकलेले नाहीत हे समजायला मला फार वेळ लागला.

त्यांच्या टेबलावर संविधानाचं मराठी पुस्तक असायचं. पोरांच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कव्हर, वर चौकोनी लेबल. 'नाव' या जागी लिहिलं होतं 'मुख्याध्यापक' आणि 'इयत्ता' या जागी 'अजून पहिली'. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाचं पान तर हाताळून हाताळून पापडासारखं झालं होतं. संपूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, एवढंच त्यात आहे. आपण डीएडला हे वाचतो, दोन मार्कांना लिहितो आणि विसरतो. सरांनी त्या ओळीच्या शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्हांची रांग लावली होती. आरती म्हणजे शिक्षण का? नारळ? फोटो? हार? सुट्टी? प्रत्येकापुढं त्यांनी स्वतःचं उत्तर लिहिलं होतं, आणि खाली कंसात 'माझे वाचन'. कोणी वाद घातला की ते एवढंच म्हणायचे, "कोर्ट काय म्हणेल ते कोर्ट म्हणेल. या शाळेपुरतं माझं वाचन असं आहे."

परिपाठात राष्ट्रगीत व्हायचं, प्रतिज्ञा व्हायची, उद्देशिका व्हायची. प्रार्थनेच्या जागी त्यांनी दोन मिनिटं शांतता ठेवली होती. पोरांना सांगायचे, "ज्याला ज्याचं नाव घ्यायचं आहे त्याने मनात घ्यावं. ज्याला घ्यायचं नाही त्याने कबुतरं मोजावीत." आमच्या शाळेच्या पत्र्यावर कबुतरं भरपूर. बहुतेक पोरं कबुतरंच मोजायची. एकदा मी माझ्या वर्गाला शिस्त लावायला म्हणून सांगितलं, हात जोडा, डोळे मिटा. सर मागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "विचारलं का?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. पोराच्या डोक्यावरून हात फिरवण्याआधीसुद्धा ते विचारायचे. कोणा पोरीच्या दप्तरातून पुस्तक काढलं, कोणाला गाण्यात उभं केलं, कोणाची जागा बदलली, की मागून यायचंच, "विचारलं का?" आम्ही मास्तर लोक स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करायचो. चहात साखर टाकायच्या आधी साखरेला विचारायचो.

नव्या वर्गखोलीच्या उद्घाटनाला तालुक्याहून एक साहेब आले होते. सरपंचांनी उदबत्ती, हळदकुंकू, नारळ असं सगळं ताटात मांडून आणलं. सरांनी ताट गेटातच अडवलं. "फीत कापू. नारळ फोडायचा नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "अहो सर, ही आपली संस्कृती आहे. नारळाला कुठं बंदी आहे?"

"नारळाला बंदी नाही साहेब. माझ्या वाचनाप्रमाणे तो सरकारने देवापुढे फोडायला आहे."

सरपंच समजुतीनं घ्यायला गेले. "मग आसं करू सर. सगळ्या धर्मांचे फोटो लावू. समद्यांचं करू. मग तर झालं?"

"ज्याला देवच नाही, त्याचा फोटो कुठून आणणार?" सरांनी विचारलं.

सरपंचांनी ताट खाली ठेवलं. सरांनी नारळ उचलला आणि खिचडी शिजवणाऱ्या बाईच्या हातात दिला. बाईनं तो पाट्यावर आपटून फोडला, लसूण-मिरची घालून चटणी वाटली. साहेबांनी ती दोनदा मागून घेतली. जाताना म्हणाले, "विक्षिप्त आहे हो तुमचा हेडमास्तर." चटणीचं बोट मात्र चाटत होते.

इथपर्यंत मला सगळं पटत होतं. खरं सांगायचं तर आतून सुखावत होतं. माझं घर बौद्ध, सरांचंही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं देव्हारे रिकामे केले ते आम्ही अभिमानानं सांगत आलो. मला वाटायचं, चला, नारळ-उदबत्ती बंद करणारा आपला माणूस खुर्चीवर आहे. सरांचा नियम म्हणजे आपला नियम, अशी मी सरळ समजूत करून घेतली होती.

त्या समजुतीला पहिला हादरा बसला तो वैशाख पौर्णिमेच्या आधी. गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीनं शाळेसाठी बुद्धाची मूर्ती आणली. पांढरीशुभ्र, हातभर उंच. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका पुढाकार घेऊन होते. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी छातीठोक सांगितलं होतं, "आणा काका, सर आपलेच आहेत." मी तर व्हरांड्यातला कोनाडा झाडूनही ठेवला होता. बायका पांढऱ्या साड्या नेसून, मेणबत्त्या घेऊन आल्या. मूर्ती बसवायची, वंदना घ्यायची, पोरांना खीर वाटायची असं ठरलेलं.

सर गेटाबाहेर आले. बटण काढलं. चपला काढल्या. रस्त्यावर, धुळीत गुडघे टेकून त्यांनी मूर्तीला तीनदा वंदन केलं, आणि त्यांचे डोळे भरून आलेले मी स्वतः पाहिले. काका खूश होऊन पुढं सरकले. तेवढ्यात सर उठले, गुडघ्याची धूळ झटकली, बटण लावलं आणि गेटात आडवे उभे राहिले. "मूर्ती आत बसणार नाही. वंदना आत होणार नाही."

एक क्षण कोणालाच कळेना. काका म्हणाले, "सर, मस्करी करायलात काय?"

"नाही."

"आवो, हा बुद्ध हाय! नारळ न्हाई. तुमचाच हाय!"

"माझा आहे म्हणूनच जास्त जपायला पाहिजे, काका. उद्या दुसरा मुख्याध्यापक येईल, तो त्याचा आणेल. मग आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

काकांनी मूर्ती छातीशी घट्ट धरली. एक म्हातारी बाई जोरात बोलली, "फितूर झाला ह्यो." बायकांनी मेणबत्त्या विझवल्या. मिरवणूक जशी आली तशी वस्तीतल्या विहाराकडे वळली. मी कोनाड्यापाशी हातात फडकं घेऊन तसाच उभा होतो. आपल्याच माणसानं आपल्याच बुद्धाला गेटावर थांबवलं, हे मला त्या दिवशी काही केल्या गिळता येईना. वस्तीनं पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. सरांच्या बायकोनंसुद्धा आठवडाभर अबोला धरला होता म्हणे. सर मात्र रोज संध्याकाळी बटण काढून त्याच विहारात जायचे आणि शेवटच्या रांगेत एकटे बसायचे. कोणी सरकून जागा देत नव्हतं.

मी जे शिकलो ते मात्र भलतंच. मी मनाशी म्हटलं, जर बुद्धाला आत येऊ दिलं नाही, तर आता बाकी कोणालाही सोडायचं नाही. सरांना नसेल जमत इतकं कडक मी होणार. मी पोरांच्या मनगटातले दोरे बघायला लागलो, गळ्यातले ताईत बघायला लागलो. कोणाला बोललो नाही, पण कपाळाला आठ्या घालून बघायचो. पोरं हात मागं लपवायची. मला त्यात आपण काही तरी राखतो आहोत असं वाटायचं.

चौथीत एक धनगराची मुलगी होती. तिचे आईबाप ऊसतोडीला गंगाखेडकडे गेलेले, ती आजाजवळ राहायची. आजाकडे शंभरेक मेंढ्या. पोरगी हुशार, बोलायला कमी. खंडोबाच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली ती कपाळभर भंडारा माखून. पिवळाधमक. भुवया, केस, कानाच्या पाळ्या, सगळीकडे हळद. पोरं हसली. मी फळा पुसत होतो.

आता हे लिहिताना हात थांबतो. मी तिला जवळ बोलावलं. ती आली. मी म्हणालो, "शाळेत देव आणायचा नसतो, माहीत नाही का?" आणि हातात होतं त्या फडक्यानं, फळा पुसायच्या ओल्या, खडूनं पांढऱ्या झालेल्या फडक्यानं, तिचं कपाळ पुसलं. एका हातानं हनुवटी धरून. दोनदा घासून.

ती रडली नाही. तिच्या पाटीवर थोडा भंडारा सांडला होता तो तिनं चिमटीनं गोळा केला, फ्रॉकच्या खिशात टाकला, दप्तर उचललं आणि वर्गातून निघून गेली. तिच्या कपाळावर खडूचा एक पांढरा पट्टा राहिला होता.

मी ते सरांना सांगायला गेलो. लपवायला नाही, सांगायला! शाबासकी मिळेल म्हणून. सर डबा खात होते. मी सगळं सांगितलं. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

"तिला विचारलं का?"

त्यांनी हात धुतले. खाकी कव्हरचं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. "अठ्ठावीस काढा. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं.

"यात त्या मुलीचं नाव कुठं आहे?"

"सर, नाव कसं असेल..."

"शोधा. तिच्या कपाळाचं नाव शोधा."

मी पानाकडे बघत राहिलो.

"तिचं नाव यात नाही," सर म्हणाले. "आपलं आहे. हा लगाम सरकारच्या तोंडात घातलेला आहे. तुम्ही तो काढून एका लेकराच्या तोंडात घातलात. शाळेने देव आणायचा नाही म्हणजे लेकराचा देव शाळेने पुसायचा, हे कुठल्या ओळीत वाचलंत?" मग त्यांनी पंचविसावा अनुच्छेद काढून पुढं केला आणि तोही मोठ्यानं वाचायला लावला. सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य. डीएडला मी तो शब्द पाठ केला होता. त्याचा अर्थ नऊ वर्षांच्या पोरीचं कपाळ असा होतो हे मला त्या दुपारी कळलं.

सरांनी शाळेच्या शेरेबुकात लिहिलं, 'आज शाळेने एका विद्यार्थिनीच्या कपाळावरचा भंडारा तिला न विचारता पुसला.' मी म्हणालो, "सर, माझं नाव लिहिलं नाहीत."

"तुमचं नाव लिहिलं की शाळा सुटली," ते म्हणाले.

पोरगी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आजानं निरोप पाठवला, 'त्या मास्तरच्या हाताखाली पोरगी बसणार न्हाई. ह्या आठवड्यात मेंढ्या येलदरीकडं जायल्यात. तिला बी संगं नेतो.' मेंढ्यांबरोबर गेलेली पोरगी शाळेत परत येत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे. एकदा हातात काठी आली की पाटी गेली. तिचं शिक्षण माझ्या एका फडक्यानं संपत होतं. त्यातून गावात कुजबूज सुरू झालेली, बौद्ध मास्तरानं धनगराच्या पोरीचा भंडारा पुसला म्हणून. मला दोन रात्री झोप नाही.

रविवारी सरांनी मला बरोबर घेतलं. नदीच्या अलीकडं कापणी झालेल्या एका रानात मेंढ्या बसल्या होत्या. कुत्री अंगावर आली, आजानं ती आवरली. उंच, काटक म्हातारा. मिशा पांढऱ्या, कपाळ पिवळं. त्यानं घोंगडी टाकली पण 'बसा' म्हणाला नाही. पोरगी एका कोकराला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही.

सरांचं बटण सकाळपासून उघडं होतं. रविवारच होता. तिथं पोचल्यावर त्यांनी ते लावलं. मी बघतच राहिलो. शाळेचं गेट सोडून दुसरीकडं कुठं त्यांनी बटण लावलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"बापू, मी शाळा म्हणून आलो आहे," ते म्हणाले. "शाळेने चूक केली. शाळा माफी मागते." आणि ते त्या म्हाताऱ्यापुढं नाही, पोरीपुढं वाकले. मीही वाकलो.

म्हाताऱ्यानं आम्हा दोघांना नीट न्याहाळलं. मग त्यानं कमरेची भंडाऱ्याची पिशवी काढली. "माफीबिफी मला कळत न्हाई. ज्यानं पुसला, त्यानं आपल्या हातानं लावावा. मग पोरगी येईल."

मी लगेच हात पुढं केला. खरंच केला! पोरगी शाळेत येत असेल तर मी पोतंभर भंडारा लावला असता. सरांनी माझा हात धरला.

"नाही. शाळेने पुसायचा नाही, तसा शाळेने लावायचाही नाही. पिशवी माझ्याकडे द्या." त्यांनी ती पिशवी दोन्ही हातांत घेतली, पोरीसमोर जमिनीवर बसले आणि पिशवीचं तोंड उघडून पोरीपुढं धरलं. "लावायचा असेल तर तू लाव. नसेल तर नको लावू. मी धरून बसतो."

पोरगी आजाकडं बघू लागली. आजानं मेंढ्यांकडं तोंड फिरवलं. सर बसून राहिले. कोकरू तिच्या मांडीवरून उतरून गेलं. मग तिनं पिशवीत हात घातला, चांगला मूठभर भंडारा घेतला आणि स्वतःच्या कपाळावर चोपडला. त्यातला निम्मा सरांच्या शर्टावर सांडला. पहिल्यांदा ती हसली.

म्हाताऱ्याचाही चेहरा सैल झाला. त्यांच्यात रीत अशी की भंडाऱ्याची पिशवी ज्याच्या हाती आली त्याच्या कपाळाला भंडारा लागतोच. त्यानं चिमूट घेतली आणि 'येळकोट' म्हणत सरांच्या कपाळाकडं हात नेला.

सर मागं सरकले. पिशवी परत दिली. बटण काढलं.

"आता मी माणूस मनून बोलायलोय, बापू. माझ्या घरी हे न्हाई. मी बुद्धाचं करतो. माझ्या कपाळाला नका लावू."

म्हाताऱ्याचा हात हवेत. त्याचे डोळे लाल झाले. एवढं सगळं जुळून आलेलं, आणि हा माणूस एका चिमटीसाठी ते मोडायला निघाला! मी त्यांच्या कानाशी लागलो, "सर, लावून घ्या ना. पोरीचं काय? इथं कोण बघतंय?"

"मी बघायलोय की," सर म्हणाले.

मग म्हातारा माझ्याकडं वळला आणि मी मुकाट्यानं कपाळ पुढं केलं. त्यानं ती चिमूट माझ्या कपाळाला फासली. पोरीला म्हणाला, कुत्री बांध. आम्ही निघालो.

वाटेत मी चिडलेला होतो, घाबरलेलाही होतो. सर शांतपणे चालत होते. मध्येच म्हणाले, "बाळा, तू लावून घेतलास ते मनापासून, का भ्यालास मनून?"

"भ्यालो मनून," मी म्हणालो. रागानं माझीही भाषा घसरली.

"बरं. कपाळ तुझं हाय. ठेव न्हाईतर पूस. पण कुणाच्या भ्यानं नको ठेवू आन् कुणाच्या भ्यानं नको पुसू."

मी घरी जाईपर्यंत तो पुसलाही नाही आणि ठेवलाही नाही. घामानं आपोआप उतरला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. चौथीची हजेरी आता सर स्वतः घ्यायचे, तिचं नाव पुकारायचे आणि गेटाकडं बघायचे. माझ्या मनात एकच, हट्टी म्हाताऱ्याची हट्टी म्हाताऱ्याशी गाठ पडली आणि मधल्यामधी पोरगी गेली. गुरुवारी परिपाठ चालू असताना गेटात आजा उभा. शेजारी पोरगी, दप्तरासकट, कपाळ पिवळंजर्द. मेंढ्या दुसऱ्या कोणाबरोबर पुढं धाडल्या होत्या.

म्हातारा आत आला नाही. तिथूनच मोठ्यानं बोलला, "हेडमास्तर, चार दिस इचार केला. जो माणूस आपल्या कपाळाला हात लावू देत न्हाई, तो माझ्या नातीच्या कपाळाला बी कुणाला हात लावू देणार न्हाई. ठेवतो तुमच्याजवळ."

पोरगी रांगेत जाऊन उभी राहिली. दोन मिनिटांची शांतता सुरू झाली तेव्हा तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की कबुतरं मोजत होती, देव जाणे.

सर निवृत्त झाले. निरोपाला शाल घेतली, श्रीफळ खिचडीच्या बाईला दिलं. मी बदल्या भोगत फिरून फिरून त्याच शाळेत मुख्याध्यापक म्हणून आलो. शर्टाचं वरचं बटण मी लावत नाही, मला गळ्याशी टोचतं. पण दोन मिनिटांची शांतता चालू ठेवली आहे. ती पोरगी शिकली. गंगाखेडला दवाखान्यात नर्स आहे.

गेल्या महिन्यात सर गेले. ग्रुपवर निरोप आला तसा मी निघालो. ताडकळसला त्यांच्या अंगणात माणूस मावत नव्हतं. ज्या वस्तीनं त्यांना फितूर म्हटलं, ती सगळी पांढऱ्या कपड्यांत आलेली. भन्तेजी त्रिशरण म्हणत होते. सरांना स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता आणि कोणी तरी व्यवस्थित दिसावं म्हणून वरचं बटण लावलं होतं. मी वाकून ते काढलं. त्यांच्या मुलानं माझ्याकडं पाहिलं, पण काही विचारलं नाही.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. ती नर्स आली, आजाला हाताला धरून. म्हाताऱ्याचे डोळे आता गेले आहेत. वय किती असेल त्याचं त्यालाच माहीत नाही. त्यानं चाचपडत सरांचे पाय शोधले, त्यावर डोकं टेकवलं आणि हमसून हमसून रडला. मग कमरेची पिशवी काढली. चिमूट घेतली. दुसरा हात सरांच्या छातीवरून, गळ्यावरून वर सरकत कपाळ शोधायला लागला.

भन्तेजी थांबले. मुलगा गोंधळून माझ्याकडं बघायला लागला, शाळेतला मोठा माणूस मीच म्हणून. इतक्या वर्षांनी म्हाताऱ्याची ती चिमूट पोचत होती, आणि आंधळ्या माणसाला कोण आणि कसं अडवणार? मी म्हणालो, "लावू द्या. बापूंचं मन आहे."

पोरीनं आजाचं मनगट धरलं.

"आजा, न्हाई."

"आगं, शेवटचा हाय. आता त्येला काय कळायलंय?"

"मनूनच न्हाई," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या कपाळावर बारीक पिवळी रेघ होती, आणि आवाजात राग नव्हता, वर्गात शंका विचारावी इतकाच सूर होता.

"सर, त्यांना इच्यारलं का?"

म्हाताऱ्याचा हात हळूहळू खाली आला. त्यानं ती चिमूट पुन्हा पिशवीत टाकली आणि रिकामा हात सरांच्या पायांवर ठेवला.